परत मिळालेली फेरी

स्टॉक कारची शर्यत पाहायला जाणाऱ्याने सर्वप्रथम कानांची व्यवस्था करावी, डोळ्यांचे नंतर पाहता येते. अमेरिकेच्या नॉर्थ कॅरोलिना राज्यात, शार्लट शहराजवळ राहणाऱ्या आमच्या मुलीने २०२२ च्या मे महिन्यात ही सूचना आम्हांला केली तेव्हा ती आम्हांला अतिशयोक्त वाटली होती. "बाबा, आधी कानात बोळे आणि त्यावर हे हेडफोन. मध्येच काढायचे नाहीत. आई, तूसुद्धा," असे तिने दोनदा बजावले. आयुष्यभर साठ-सत्तर मुलांच्या वर्गात घसा फोडून शिकवलेल्या माणसांना आवाजाचे भय कसले, अशा तोऱ्यात आम्ही होतो. पस्तीस-चाळीस गाड्या एकदम सुटल्या आणि बसल्या जागी बाक थरथरू लागले तेव्हा तो तोरा पहिल्याच वळणावर उतरला. त्या आवाजात शेजारच्याचे ओठ हलताना दिसतात, शब्द पोचत नाही. कित्येक तास हे सोसायचे तर बोळे हवेतच.

आम्ही दोघेही मराठीचे निवृत्त प्राध्यापक. एकाच महाविद्यालयात, एकाच विभागात नोकरी केली. विद्यार्थी आमच्यापैकी एकीला 'बाई' आणि एकाला 'सर' म्हणत; या लेखात मतभेद सांगायची वेळ येईल तेथे आम्हीही तीच नावे वापरू, कारण 'आम्ही' या सर्वनामाखाली आमचे सगळेच मतभेद झाकले जात नाहीत. मोटारशर्यतीशी आमचा संबंध म्हणाल तर शून्य. मुलीच्या घरी तीन महिने राहायला गेलो होतो, मे अखेरचा रविवार होता आणि तिच्या घरापासून अर्ध्या तासावर, काँकर्ड गावी, वर्षातील सर्वांत लांब पल्ल्याची नॅसकार शर्यत होती: सहाशे मैलांची. दीड मैलाच्या ट्रॅकला चारशे फेऱ्या. हे अंतर साधारण मुंबईहून बंगळूरला जाण्याइतके भरते, फक्त येथे कोणी कोठेही पोचत नाही. (हा विनोद सरांचा. बाईंना तो तेव्हाही आवडला नव्हता.)

प्रेक्षकासाठी आणखी थोड्या गोष्टी येथेच सांगून टाकतो. कुंपणालगतची पुढची जागा स्वस्त मिळाली तरी घेऊ नये. तेथून समोरून सटकणारे रंग तेवढे दिसतात, शर्यत दिसत नाही. शिवाय झिजलेल्या टायरांच्या रबराचे तुकडे अंगावर उडतात. जितके उंच बसावे तितका ट्रॅक सबंध दिसतो, आणि सबंध दिसल्याशिवाय या खेळात काहीच कळत नाही. शार्लटची शर्यत संध्याकाळी उन्हात सुरू होऊन रात्री दिव्यांखाली संपते, म्हणून टोपीही हवी आणि स्वेटरही. अमेरिकेतील बहुतेक क्रीडांगणांवर घरचे अन्न आत नेऊ देत नाहीत, येथे मात्र मऊ कापडाच्या ठराविक मापाच्या पिशवीतून नेता येते. मुलीने दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी बांधून दिली होती, ती दुसऱ्या टप्प्यातच संपली. परतीची घाई करू नये. शर्यत संपल्यावर तासभर जागेवर बसून राहणारा आणि धावत जाऊन मोटारतळावर अडकणारा घरी एकाच वेळी पोचतो.

खरी महत्त्वाची वस्तू म्हणजे स्कॅनर. कमरेला लावायचे एक छोटे यंत्र असते, मैदानावर भाड्याने मिळते, आणि त्यातून प्रत्येक चालकाचे त्याच्या चमूशी चाललेले संभाषण ऐकता येते. हा प्रकार आम्हांला अद्भुत वाटला. चालकाला आपल्या बाजूचे जवळजवळ काही दिसत नसते. डोके आसनाला आणि मानेच्या पट्ट्यांना जखडलेले असते, तेव्हा स्टेडियमच्या छपरावर उभा असलेला त्याचा एक माणूस, ज्याला स्पॉटर म्हणतात, त्याला अखंड सांगत राहतो: आत आहे, अजून आत आहे, दाराशी आहे, मोकळा. ताशी पावणेदोनशे मैलांच्या आगेमागे जाणारा माणूस दुसऱ्याच्या शब्दावर विसंबून गाडी वळवतो. शब्दावर एवढी निष्ठा आम्ही साहित्याच्या वर्गात कधी पाहिली नाही. स्कॅनर कानाला लागेपर्यंत आम्ही गाड्या पाहत होतो. लागल्यावर शर्यत ऐकू लागलो.

'स्टॉक' या शब्दाचा अर्थ दुकानातील मालाची, म्हणजे कोणीही विकत घेऊ शकेल अशी, मुद्दाम शर्यतीसाठी न बांधलेली मोटार. आजच्या गाड्या तशा मुळीच नाहीत. सांगाडा आणि बहुतेक सुटे भाग ठराविक पुरवठादारांकडूनच घ्यावे लागतात आणि 'स्टॉक' हे केवळ नाव उरले आहे. पण या नावाभोवतीच खेळाचा जन्म झाला. नॅसकार ही संस्था १९४८ ची. तिने खास विक्रीतील गाड्यांसाठी पहिली शर्यत घेतली ती १९ जून १९४९ रोजी, शार्लटलाच, एका मातीच्या ट्रॅकवर. ग्लेन डनअवे नावाचा चालक पहिला आला. नंतर तपासणीत त्याच्या गाडीच्या मागच्या स्प्रिंगा बदललेल्या आढळल्या. चोरटी दारू वाहून नेणारे लोक पोलिसांच्या हातून निसटण्यासाठी स्प्रिंगा तशा घट्ट करीत असत. डनअवे बाद झाला आणि जिम रोपर विजयी ठरला. गाडीचा मालक कोर्टात गेला आणि हरला. म्हणजे या खेळाच्या पहिल्याच शर्यतीचा निकाल ट्रॅकवर लागला नाही, तो नियमपुस्तकात लागला. आम्हांला हे कळले तेव्हा बाई एकदम सावरून बसल्या. खेळ त्यांच्या ओळखीचा होऊ लागला होता.

हे सारे आम्हांला सांगितले ते शेजारी बसलेल्या एका सत्तरीच्या गृहस्थांनी. डोक्याला काळी टोपी, तीवर तिरपा पांढरा ३. हा आकडा डेल अर्नहार्ट याचा. तो १८ फेब्रुवारी २००१ रोजी डेटोनाच्या शर्यतीत अगदी शेवटच्या फेरीत भिंतीवर आदळून गेला. गृहस्थ अर्नहार्टच्याच गावचे, कनॅपोलिसचे. हे गाव ट्रॅकपासून काही मैलांवर आहे. दक्षिणेकडच्या रीतीने ते आम्हांला दर वाक्यागणिक 'सर' आणि 'मॅम' म्हणत. ही दोन संबोधने तीस-बत्तीस वर्षे ऐकलेल्या आमच्या कानांना त्यात घरगुतीपणा वाटला. हेडफोनमुळे ते फक्त पिवळ्या झेंड्याच्या वेळी बोलू शकत, आणि त्या रात्री पिवळा झेंडा १८ वेळा आला. तेव्हा आमचे शिक्षण भरपूर झाले.

पिवळा झेंडा हेच या खेळाचे मर्म आहे, असे आमचे मत झाले. हिरव्यावर सुटायचे, पांढऱ्यावर शेवटची फेरी, चौकटीच्यावर समाप्ती, काळा म्हणजे दंड, लाल म्हणजे जागच्या जागी थांबा. हे सारे लहान मुलालाही समजते. पिवळ्याचे तसे नाही. ट्रॅकवर कोणी आदळला, गरगरला, तेल सांडले की पिवळा. सर्वांनी वेग कमी करून पेस कारमागे रांग धरायची, कोणी कोणाला ओलांडायचे नाही. एवढ्यात कोणी टायर बदलतो, कोणी इंधन घेतो, आणि पुन्हा हिरवा. वरकरणी निरुपद्रवी वाटणाऱ्या या व्यवस्थेचा परिणाम भयंकर असतो. एखाद्याने शंभर फेऱ्या घाम गाळून दहा सेकंदांची आघाडी मिळवलेली असते. दूरच्या वळणावर दुसऱ्या कोणाचा टायर फुटतो आणि ती दहा सेकंदे नाहीशी होतात. दुसरा त्याच्या शेपटाशी येऊन उभा. कमावलेले सारे पुसले गेले, आणि ज्याचे पुसले गेले त्याची चूक काडीची नाही.

याच्या जोडीला दुसरा नियम आहे, तो आणखी विलक्षण. पिवळा झेंडा लागला की एक किंवा अधिक फेऱ्यांनी मागे पडलेल्यांपैकी जो सर्वांत पुढे असेल, त्याला एक फेरी परत मिळते. तो सरळ पेस कारला वळसा घालून रांगेच्या शेवटी जाऊन उभा राहतो, आणि एकच फेरी मागे असेल तर आघाडीवाल्याच्याच फेरीत येतो. त्याने काही केलेले नसते. मागे पडलेल्यांत तो पहिला असतो, एवढेच त्याचे कर्तृत्व. लोकांनी या सवलतीला 'लकी डॉग' असे नाव ठेवले आहे. अट एकच: ज्याच्यामुळे पिवळा झेंडा आला त्याला ती मिळत नाही.

बाई म्हणाल्या, "म्हणजे ग्रेसचे गुण."

सर काही बोलले नाहीत. का, ते पुढे येईल.

हा नियम आला कसा, हे गृहस्थांनी सांगितले आणि आम्ही नंतर पडताळून पाहिले. पूर्वी पिवळा झेंडा दिसला तरी गाड्या रेषेपर्यंत झुंजत येत. रेषा ओलांडताना जो क्रम तोच धरला जाई. त्या धावपळीत आघाडीवाला मनात आले तर वेग कमी करी आणि मागे पडलेल्या एखाद्याला पुढे जाऊ देई, म्हणजे त्या बिचाऱ्याची फेरी भरून निघे. याला सभ्य गृहस्थांमधला करार म्हणत. कोणाला जाऊ द्यायचे हे अर्थातच मैत्री, उपकार, मागची देणी-घेणी यांवर ठरे. १४ सप्टेंबर २००३ रोजी न्यू हॅम्पशायरच्या शर्यतीत डेल जॅरेट याची गाडी आदळून ट्रॅकच्या मधोमध बंद पडली, आणि पिवळा झेंडा लागलेला असताना बाकीच्या गाड्या रेषेकडे झुंजत त्याच्या अंगावरून जाव्या तशा त्याच्या बाजूने गेल्या. तो वाचला. पुढच्याच आठवड्यापासून रेषेपर्यंत झुंजणे बंद झाले. झेंडा लागला त्या क्षणी जो जेथे असेल तेथे क्रम गोठू लागला. पण मग मागे पडलेल्यांना फेरी परत मिळण्याची वाटच बंद झाली. ती मिळावी म्हणून एकाला, आणि एकालाच, ती नियमाने मिळू लागली.

आम्हांला हा तपशील फार मोलाचा वाटतो. आधी दया आघाडीवाल्याच्या मर्जीत होती. २००३ नंतर ती नियमात गेली. मर्जीतली दया देणाऱ्याला मोठे करते आणि घेणाऱ्याला ऋणी करते. नियमातल्या दयेला चेहरा नसतो. ती कोणालाही मिळते, नालायकालाही, आणि ज्याला ती सर्वांत जास्त हवी होती तो एका जागेने मागे असेल तर त्याला मिळत नाही. या दोहोंत बरी कोणती, यावर आमच्या घरात एकमत नाही.

गृहस्थ येथे थोडे थांबले आणि म्हणाले की त्याच साली, जुलैत, कनॅपोलिसची चादरी-टॉवेलांची गिरणी बंद पडली. ते तीस वर्षे तेथे होते; अर्नहार्टचा बापही शर्यतीत उतरण्याआधी सूतगिरणीतच होता. "सप्टेंबरात गाड्यांना फेरी परत मिळू लागली, मॅम. आम्हांला कोणी दिली नाही." हे त्यांनी हसतच सांगितले. बाईंचे वडील लालबागला गिरणीत होते. १९८२ च्या संपानंतर ते पुन्हा खात्यात गेले नाहीत. बाईंनी हे त्यांना सांगितले असते, पण तेवढ्यात हिरवा झेंडा पडला आणि आवाज झाला.

पिवळ्याचा दुरुपयोगही होतो, हे सांगितले पाहिजे. पुढे अंतर फार पडले, शर्यत कंटाळवाणी झाली, की ट्रॅकवर 'कचरा' असल्याच्या नावाखाली पिवळा झेंडा लावतात, असा संशय प्रेक्षकांत जुना आहे. टोनी स्ट्यूअर्टसारख्या अजिंक्य चालकाने २००७ मध्ये तो उघडपणे बोलून दाखवला. सप्टेंबर २०१३ मध्ये रिचमंडला क्लिंट बोयर शेवटच्या काही फेऱ्यांत असा गरगरला की त्याच्या सहकाऱ्याला फायदा व्हावा आणि आघाडीवरच्या रायन न्यूमनची संधी हुकावी. तो मुद्दाम फिरला हे सिद्ध झाले नाही, मात्र त्या रात्री चमूने निकालात ढवळाढवळ केली हे ठरले. तीन लाख डॉलरांचा दंड झाला, सहकारी बाहेर गेला आणि न्यूमनला त्याची जागा मिळाली. २०१७ पासून शर्यतींचे टप्पे पाडले, प्रत्येक टप्प्याच्या शेवटी पहिल्या दहांना गुण, आणि तेथे पिवळा झेंडा ठरलेलाच. बहुतेक शर्यतींना तीन टप्पे असतात, शार्लटच्या या शर्यतीला चार. दुसऱ्या टप्प्यानंतर साऱ्या गाड्या पिट रोडवर येऊन थांबतात, इंजिने बंद होतात, आणि युद्धात पडलेल्या सैनिकांसाठी सारे मैदान उभे राहते. प्रत्येक गाडीच्या काचेवर त्या दिवशी एकेका सैनिकाचे नाव असते. तेवढ्या शांततेत आम्ही हेडफोन काढले. कान वाजत होते.

आता त्या रात्रीचा शेवट. क्रिस ब्यूशरची गाडी चौथ्या टप्प्यात गवतावर जाऊन कोलांट्या खात उलटी पडली. काही मिनिटे ती तशीच होती, आणि ती सुलटी करून त्याला बाहेर काढेपर्यंत आमच्या आसपासची सर्व माणसे उभी होती. तो चालत बाहेर आला. अर्नहार्टच्या मृत्यूनंतर मानेला आधार देणारे साधन सक्तीचे झाले, भिंतींना धक्का शोषणारे आवरण आले, आणि तेव्हापासून या सर्वोच्च मालिकेच्या शर्यतीत एकही चालक दगावलेला नाही. टोपीवाले गृहस्थ एवढेच म्हणाले, की सारे त्याच्यामुळे.

चारशेपैकी दोन फेऱ्या उरल्या होत्या. आघाडीवर काईल लार्सन. या माणसाला त्या रात्री सुरुवातीपासून काहीच सरळ गेले नव्हते. पुन्हा पुन्हा मागे जाऊन तो पुढे आला होता. बाईंनी त्याला केव्हाच आपला मानला होता. त्याच्या आतून घुसू पाहताना चेस ब्रिस्को गरगर फिरला. पिवळा. शर्यत पिवळ्याखाली संपू नये म्हणून अशा वेळी ती ठरल्या अंतरापेक्षा लांबवतात: रांग लावून पुन्हा हिरवा, मग पांढरा, मग चौकटीचा. त्या वाढीव फेऱ्यांच्या पहिल्याच खेपेला पुढच्या चार गाड्या शेजारी शेजारी आल्या आणि एकमेकींत गुंतल्या. लार्सनची शर्यत तेथे संपल्यात जमा झाली. पुन्हा पिवळा, पुन्हा रांग, आणि ४१३ फेऱ्यांनंतर डेनी हॅमलिन जिंकला. ६१९.५ मैल, नॅसकारच्या इतिहासातील अंतराने सर्वांत लांब शर्यत.

मोटारतळावर गाडीत बसून राहिलो असताना आमचे भांडण झाले. बाईंचे म्हणणे असे, की ज्याने मिळवले त्याचे काढून घेऊन ज्याने मिळवले नाही त्याला देणे हा अन्याय आहे, मग त्याला नियमाचे नाव द्या किंवा सुरक्षिततेचे. सर म्हणाले, ट्रॅकवर माणूस पडलेला असताना आघाडी मोजत बसणारे जग त्यांना नको. आवाज वाढला. मुलगी पुढे चाकाशी बसली होती, ती म्हणाली, "आई, बाबा, तुम्ही अजून त्या मुलावरूनच भांडताय."

तिचे खरे होते. १९९६ मध्ये तृतीय वर्षाला आमचा एक विद्यार्थी होता. रात्रपाळी करून सकाळी वर्गात यायचा, पेंगायचा, पण कविता वाचायला लागला की जागा व्हायचा. आमच्या विषयात त्याला उत्तीर्ण व्हायला दोन गुण कमी पडले. दुसऱ्याही एका विषयात तो गेला होता, त्यामुळे ग्रेसच्या नियमात बसत नव्हता. मर्जीचा मार्ग तेवढा उरला होता: उत्तरपत्रिका पुन्हा पाहून कोठेतरी दोन गुण वाढवायचे. पेपर बाईंनी तपासला होता. सरांनी रदबदली केली. बाईंनी उत्तरपत्रिका पुन्हा पाहिली आणि गुण तेच ठेवले. कोणाला तरी मर्जीने दिले की ज्यांना मागता येत नाही त्यांच्यावर अन्याय होतो, ही त्यांची भूमिका होती, आणि ती चुकीची आहे असे सरांनाही कधी म्हणता आले नाही. पुढच्या वर्षी तो परीक्षेला बसला नाही. महाविद्यालयाच्या नोंदीतल्या पत्त्यावर सर एकदा जाऊन आले. खोली दुसऱ्यांनी घेतली होती.

त्या उन्हाळ्यात मुलीबरोबर आम्ही उरलेल्या शर्यती घरी बसून पाहिल्या. जुलैत पोकोनोला हॅमलिन पहिला आला आणि काईल बुश दुसरा. तपासणीत दोघांच्याही गाड्यांच्या पुढच्या भागावर नियमबाह्य पट्ट्या सापडल्या आणि दोघेही बाद झाले. सबंध शर्यतीत एक फेरीही आघाडीवर नसलेला चेस एलियट विजयी ठरला. जिंकणाऱ्याला बाद करण्याची वेळ १९६० नंतर प्रथमच आली होती. मधल्या काळात गाडीत खोट सापडली तरी दंड करीत, विजय काढून घेत नसत; कारण प्रेक्षकाने घरी जाताना कोण जिंकले ते ठाऊक असूनच जावे, असा संस्थापक बिल फ्रान्स यांचा आग्रह होता. २०१९ पासून तो सोडून दिला. बाईंना हे पसंत पडले. सरांना बिल फ्रान्स यांचे पटले. असो.

भारतात परतल्यावरही आमचे हे वेड सुटले नाही. वेळ अडचणीची असते. २ नोव्हेंबर २०२५ ची फिनिक्सची अंतिम शर्यत आम्ही पुण्यात पहाटेपर्यंत जागून पाहिली. त्या वेळच्या पद्धतीने चार उमेदवार उरले होते आणि त्या एका शर्यतीत जो इतर तिघांच्या पुढे येईल तो वर्षाचा अजिंक्य. चौघे कोण? हॅमलिन, लार्सन, ब्रिस्को आणि विल्यम बायरन. हॅमलिन तोवर वीस वर्षे या मालिकेत होता, साठ शर्यती जिंकला होता, अजिंक्यपद एकदाही नव्हते. त्या दिवशी तो २०८ फेऱ्या आघाडीवर होता. ३१२ पैकी तीन उरल्या असताना बायरनचा टायर गेला आणि गाडी भिंतीवर आदळली.

पिवळा.

हॅमलिनने चार टायर बदलले, लार्सनने दोन. दोन टायरांना वेळ कमी लागतो, म्हणून तो रांगेत पुढे राहिला. वाढीव फेऱ्या झाल्या, लार्सन तिसरा आला, हॅमलिन सहावा. एकही फेरी आघाडीवर नसलेला लार्सन अजिंक्य ठरला. तीन वर्षांपूर्वी शार्लटला ज्याचे गेले त्याला मिळाले, ज्याला मिळाले होते त्याचे गेले. (जानेवारी २०२६ मध्ये नॅसकारने एका शर्यतीवर अजिंक्यपद ठरवण्याची ही पद्धत रद्द केली, त्यामुळे हॅमलिनला काही परत मिळाले नाही.)

सर उठून उभे राहिले. हा शुद्ध अन्याय आहे, वीस वर्षे घासलेल्या माणसाच्या तोंडचा घास असा काढून घेतात का, असे बरेच काही बोलले. बाई पडद्याकडे पाहत होत्या. त्यांनी आवाज बंद केला.

"अहो, पण गाडी भिंतीवर आदळली होती. आत माणूस होता," त्या म्हणाल्या.

यावर सरांकडे उत्तर नव्हते. ते त्यांचेच वाक्य होते. थोड्या वेळाने बाई पुन्हा बोलल्या, आणि हे त्यांनी इतक्या वर्षांत कधी सांगितले नव्हते. त्या मुलाने चौथा प्रश्न सोडवलाच नव्हता, असे त्या आजवर म्हणत आल्या होत्या. सोडवला होता. पुरवणीच्या शेवटच्या पानावर, पेन्सिलीने, आठ-दहा ओळी. पुन्हा पाहताना त्यांना त्या दिसल्या होत्या. उत्तर अपुरे होते, पण होते. नियमाप्रमाणे पेन्सिलीचे लिखाण तपासायचे नसते, म्हणून त्यांनी पान उलटले.

"किती गुण बसले असते?" सरांनी विचारले.

"तीन," बाई म्हणाल्या.

बाहेर दूधवाल्याची सायकल वाजली. तेवढ्यात शार्लटहून मुलीचा फोन आला. तिच्याकडे संध्याकाळ होती. जागे आहात का आणि शेवट पाहिलात का, असे ती विचारीत होती.